बेसबॉल, पूर्व तैवानमधील

तैवान बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन व तायतुंग या दोन डोंगराळ परगण्यांत जपानी अमदानीत रुजलेली व मुख्यतः तेथील आदिवासी जमातींनी जोपासलेली बेसबॉलची परंपरा. हे दोन परगणे मिळून तैवानचे एक-पंचमांशाहून अधिक क्षेत्र व्यापतात. परंतु बेटाच्या एकूण लोकसंख्येपैकी जेमतेम दोन टक्के लोक तेथे राहतात. उद्योग, उच्च शिक्षण व दळणवळण या सर्वच बाबतींत मागे राहिलेल्या या प्रदेशाने गेली शंभर वर्षे तैवानच्या बेसबॉलला सातत्याने खेळाडू पुरविले आहेत. मात्र खेळामुळे मिळणारी प्रसिद्धी, पैसा व संस्था प्रायः पश्चिम किनाऱ्यावरील शहरांतच राहिल्या. खेळाडू घडविणारा प्रदेश आणि त्या खेळाचे फळ भोगणारा प्रदेश यांतील ही तफावत हे पूर्व तैवानमधील बेसबॉलच्या इतिहासाचे प्रमुख सूत्र होय. (पहा : तैवान, बेसबॉल).

भौगोलिक पार्श्वभूमी : तैवानच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या मध्यवर्ती पर्वतराजीत ३,००० मी. पेक्षा उंच अशी अनेक शिखरे आहेत. तिच्या पश्चिमेस सुपीक व दाट वस्तीचे मैदान असून पूर्वेस उतार एकदम तुटून एका चिंचोळ्या खचदरीत उतरतात. या दरीच्या पलीकडे किनारी डोंगररांग व नंतर पॅसिफिक महासागर लागतो. चिनी वसाहतकरी या पूर्व भागास ‘डोंगरामागचा मुलूख’ म्हणत. अमिस, बुनुन, पुयुमा, पायवान, रुकाई इ. आदिवासी जमातींचे वास्तव्य येथे प्राचीन काळापासून असून तायतुंग परगण्यात आजही सु. एक-तृतीयांश लोक आदिवासी आहेत. या जमातींच्या भाषा चिनी नसून ऑस्ट्रोनेशियन कुलातील आहेत.

ह्वालिएन व तायतुंग यांना जोडणारा अरुंदमापी लोहमार्ग १९२६ मध्ये पूर्ण झाला. परंतु तो उर्वरित बेटावरील लोहमार्गांशी जोडलेला नव्हता. ह्वालिएन उत्तरेकडून ताइपेशी रेल्वेने जोडले गेले ते १९८० मध्ये. तायतुंगहून दक्षिणेकडे डोंगर ओलांडून जाणारा लोहमार्ग तर १९९० नंतरच प्रवाशांना उपलब्ध झाला. त्यापूर्वी पूर्वेकडील संघास स्पर्धेसाठी पश्चिमेस जावयाचे, तर घाटातून मोटारीने वा समुद्रमार्गे प्रवास करावा लागे. या भागात चक्री वादळे व भूकंपही वारंवार होतात. जुलै २०१६ मधील नेपार्ताक वादळाने तायतुंगला, तर ३ एप्रिल २०२४ च्या तीव्र भूकंपाने ह्वालिएनला मोठा तडाखा दिला.

डोंगराळ प्रदेशात हा खेळ रुजावा, हे काहीसे आश्चर्याचे आहे. बेसबॉल हा नऊ-नऊ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा चेंडू-फळीचा खेळ असून पिचरने फेकलेला चेंडू बॅटने टोलवून फलंदाज चार ठाण्यांभोवती धावतो. प्रौढांच्या खेळात लगतच्या दोन ठाण्यांतील अंतर २७·४३ मी. असते व त्यांपलीकडील मैदान सु. १०० मी. पर्यंत पसरलेले असते. अशी सपाट जागा उतारावरील वस्त्यांत सहसा सापडत नाही. त्यामुळे नदीकाठचा वाळवंटी पट्टा आणि शाळेपुढील अंगण हीच पूर्व तैवानमधील बेसबॉलची आद्य क्रीडांगणे ठरली.

जपानी अंमल व खेळाचा प्रवेश : १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात आले. जपानमध्ये बेसबॉल तत्पूर्वीच लोकप्रिय झाला होता. जपानी अधिकारी, शिक्षक व बँक-कर्मचारी यांनी तो तैवानमध्ये आणला. १९०६ मध्ये ताइपे येथील एका माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांचा पहिला संघ स्थापन झाला. प्रारंभी हा खेळ जपानी रहिवाशांपुरताच मर्यादित होता. स्थानिक लोकांना त्यात स्थान नव्हते. पूर्व किनाऱ्यावर जपानी सत्ता स्थिरावण्यास अधिक काळ लागला. तेथील जमातींविरुद्ध १९१४ पर्यंत लष्करी मोहिमा चालू होत्या. पुढे साखर कारखाने, जपानी शेतकऱ्यांच्या वसाहती व आदिवासी मुलांसाठी शाळा निघाल्या आणि त्यांबरोबर बेसबॉलही आला.

१९२१ च्या सुमारास लिन् ग्वेइ-शिंग या ह्वालिएनमधील चिनी वंशाच्या गृहस्थाने अमिस तरुणांचा एक संघ उभारला. त्यांची चेंडू फेकण्याची व धावण्याची चपळाई पाहून जपानी प्रशासनाने त्यात लक्ष घातले. ह्वालिएनचा प्रांताधिकारी एगुची र्‍योझाबुरो याने १९२३ मध्ये हा संघ आपल्या आश्रयाखाली घेतला. त्यास जवळच्या एका पर्वतावरून ‘नोको’ असे नाव मिळाले व खेळाडूंना कृषी विद्यालयात प्रवेश देण्यात आला. १९२५ मध्ये या संघाने जपानचा दौरा करून तेथील नामवंत शाळांच्या संघांशी सामने खेळले व त्यांतील काही जिंकलेही.

या दौऱ्यामागे केवळ क्रीडाप्रेम नव्हते. ‘रानटी’ मानलेल्या लोकांना जपानी राजवटीने ‘सुसंस्कृत’ केले, हे जपानमधील प्रेक्षकांना दाखविणे हा त्याचा एक उघड हेतू होता. खेळाडूंच्या दृष्टीने मात्र त्यातून वेगळीच वाट खुली झाली. त्यांच्यापैकी काहींना क्योटो येथील हेइआन माध्यमिक शाळेने प्रवेश दिला. त्यांतील एक, इतो जिरो या जपानी नावाने ओळखला जाणारा अमिस खेळाडू, १९३६ मध्ये टोकिओ सेनेटर्स या व्यावसायिक संघाकडून खेळला. खेळ येणाऱ्या मुलास दूरच्या शाळेने उचलून न्यावे, हा क्रम येथून सुरू झाला.

कानो संघ : पश्चिम मैदानातील च्यायी येथील कृषी-वन विद्यालयाचा संघ ‘कानो’ या संक्षिप्त नावाने प्रसिद्धीस आला. कोंदो ह्योतारो हा त्याचा जपानी प्रशिक्षक अत्यंत कडक शिस्तीचा म्हणून ओळखला जाई. त्याने वंशाचा विचार न करता केवळ कौशल्य पाहून खेळाडू निवडले. ऑगस्ट १९३१ मध्ये जपानमधील कोशिएन क्रीडांगणावर भरणाऱ्या अखिल जपान माध्यमिक शालेय स्पर्धेत या संघाने प्रथमच भाग घेतला. लागोपाठ तीन सामने जिंकून त्याने अंतिम फेरी गाठली. तीत मात्र चुक्यो व्यापारी विद्यालयाकडून तो ०–४ असा पराभूत झाला. संघाच्या नऊ प्रमुख खेळाडूंपैकी तीन जपानी, दोन चिनी वंशाचे व चार आदिवासी होते. हे चारही आदिवासी खेळाडू पूर्व किनाऱ्यावरून आलेले होते. १९३१ ते १९३६ या काळात कानोने कोशिएन येथील स्पर्धांत एकूण पाच वेळा भाग घेतला.

या यशाचा काळ विशेष लक्षणीय होता. त्यापूर्वी जेमतेम दहा महिने, ऑक्टोबर १९३० मध्ये, मध्य तैवानच्या डोंगरातील मुशा येथे आदिवासींनी जपानी अंमलाविरुद्ध उठाव केला होता व तो अत्यंत कठोरपणे चिरडण्यात आला होता. त्या पार्श्वभूमीवर तीन वंशांची मुले एका संघात खेळत असल्याचे दृश्य जपानी वृत्तपत्रांनी उचलून धरले. किकुची कान या कादंबरीकारानेही त्याबद्दल कौतुकाने लिहिले. वसाहतीतील विषमता या कौतुकाने नाहीशी झाली नाही. तथापि मैदानावर सर्वांना एकच नियम लागू असतो, हा अनुभव त्या मुलांच्या दृष्टीने खरा होता. २०१४ मध्ये या संघाच्या कथेवर ‘कानो’ हा चित्रपट निघाला.

कानोच्या १९३१ च्या संघातील पुयुमा जमातीचा एक खेळाडू जपानी अमदानीत उएमात्सु कोइची व पुढे चिनी अमदानीत चेन् गंग्-युआन् या नावांनी ओळखला गेला. तायतुंगला परतून त्याने अध्यापन केले व पुढे तेथील कृषी विद्यालयाचे प्राचार्यपदही भूषविले. बाहेर जाऊन शिकलेला खेळाडू आपल्या प्रदेशात शिक्षक म्हणून परत येण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. पूर्व किनाऱ्यावर खेळ टिकून राहिला तो बव्हंशी अशा परतलेल्या खेळाडूंमुळे. राज्यकर्ते बदलले की नाव बदलावयाचे, हा अनुभवही त्यांच्या पिढीस सर्रास आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर : १९४५ मध्ये जपानी सत्ता संपुष्टात येऊन तैवान चीनच्या राष्ट्रवादी सरकारकडे आले. नव्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने बेसबॉल हा जपानी संस्कृतीचा अवशेष होता व त्यांचा ओढा बास्केटबॉलकडे अधिक होता. पश्चिमेकडील शहरांत बँका व सरकारी कंपन्या यांच्या संघांनी बेसबॉल तगविला. पूर्वेस तो शाळांतून व वस्त्यांतून चालू राहिला. खेळातील जपानी संज्ञाही तेथील वृद्धांच्या बोलण्यात पुढे अनेक वर्षे टिकून होत्या.

होंगये संघ : तायतुंग परगण्याच्या येनपिंग भागात, डोंगरातील एका नदीखोऱ्यात, बुनुन जमातीचे होंगये नावाचे गाव आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘लाल पान’ असा होतो. १९६० नंतरच्या दशकात तेथील प्राथमिक शाळेत मुलांची गैरहजेरी फार असे. मुले शाळेत यावीत म्हणून मुख्याध्यापकांनी बेसबॉलचा संघ सुरू केला. वर्गास हजर राहणाऱ्यासच खेळावयास मिळे. झाडाच्या फांद्यांच्या बॅटी व चेंडूऐवजी दगड घेऊन मुले अनवाणी सराव करीत, असे सांगितले जाते. या कथेवर पुढे बरीच पुटे चढली असली, तरी त्या गावचे दारिद्र्य खरे होते.

१९६८ मध्ये या शाळेच्या संघाने ताइपे येथील राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी ताइपे येथे जपानमधून आलेल्या कानसाई भागातील मुलांच्या संघाचा त्याने ७–० असा पराभव केला. हा जपानी संघ जगज्जेता असल्याची समजूत लोकांत पसरली होती. वस्तुतः तो त्या वर्षी मुलांची जागतिक स्पर्धा जिंकणारा वाकायामाचा संघ नव्हता. तरीही या विजयाने तैवानभर उत्साहाची लाट उसळली. बेसबॉल हा तैवानचा ‘राष्ट्रीय खेळ’ मानला जाऊ लागला तो सामान्यतः या सामन्यापासून.

या विजयास दुसरी बाजूही होती. संघातील काही मुले ठरलेल्या वयोमर्यादेपेक्षा मोठी होती व दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या नावांवर खेळली होती, असे पुढे उघडकीस आले. शाळेतील संबंधित जबाबदार व्यक्तींना न्यायालयाने कागदपत्रांतील खोटेपणाबद्दल दोषी ठरविले. परंतु विजयाच्या राष्ट्रीय कथेत ही बाब अनेक वर्षे झाकलेलीच राहिली. प्रकरणाची दखल घेताना त्यातील सर्वांचे वाटे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. लहान शाळेत योग्य वयाची पुरेशी मुलेच नसत. त्यातच बाहेरून विजयाची अपेक्षा वाढत गेली. नियमभंग प्रौढांनी केला. मुलांना मात्र खेळताना आपले नावही वापरता आले नाही. त्या संघातील फारच थोड्यांना पुढे बेसबॉलमध्ये स्थान मिळाले. बहुतेकांनी मजुरी केली व अनेकांचा अकाली मृत्यू झाला.

खेळाडूंचे स्थलांतर : १९६९ मध्ये मुलांचे निवडक खेळाडू एकत्र आणून ताइचुंगच्या नावाने ‘सुवर्ण ड्रॅगन’ हा संघ तयार करण्यात आला. त्याने अमेरिकेतील विल्यम्सपोर्ट येथे लिटल लीग जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर १९९६ पर्यंत तैवानच्या संघांनी ही स्पर्धा एकूण १७ वेळा जिंकली. १९७१ मध्ये तैवानच्या सरकारला संयुक्त राष्ट्रांतील स्थान सोडावे लागले. राजनैतिक एकाकीपणाच्या त्या काळात मुलांच्या या विजयांना राष्ट्रीय प्रतिष्ठेचे स्वरूप आले. अमेरिकेतील सामने दूरदर्शनवर पाहण्यासाठी तैवानमधील कुटुंबे मध्यरात्री जागत असत.

विजेत्या मुलांच्या पुढील शिक्षणासाठी ताइपे येथील ह्वाशिंग विद्यालयाने आपली दारे उघडली, तर दक्षिणेकडील पिंगतुंग परगण्यातील मेहे विद्यालयाने १९७० पासून बेसबॉल संघ उभारला. पुढील दोन दशके तैवानच्या कुमार बेसबॉलवर उत्तरेस ह्वाशिंग व दक्षिणेस मेहे यांचे वर्चस्व होते. पूर्व किनाऱ्यावरील हुशार खेळाडू बाराव्या-तेराव्या वर्षीच घर सोडून या शाळांच्या वसतिगृहांत जाऊ लागले. तायतुंगचा अमिस खेळाडू ग्वो युआन्-ज् हा १९६९ च्या सुवर्ण ड्रॅगन संघात होता व पुढे ह्वाशिंगमध्ये शिकला. काकु गेंजी या जपानी नावाने तो १९८१ ते १९९६ या काळात चुनिची ड्रॅगन्स या जपानी व्यावसायिक संघाचा पिचर होता. त्याने १०६ विजय मिळविले व १९८८ मध्ये सेंट्रल लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकाविला. त्याचे यश पूर्वेकडील असंख्य कुटुंबांपुढे आदर्श ठरले; मात्र तितके यश मिळालेले फार थोडे होते.

व्यावसायिक बेसबॉल : तैवानमधील व्यावसायिक साखळी स्पर्धा १९९० मध्ये चार संघांनिशी सुरू झाली. त्यामुळे पूर्वेकडील खेळाडूंस स्वभूमीत चरितार्थाचे साधन उपलब्ध झाले. तैवानच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सु. अडीच टक्के असताना व्यावसायिक खेळाडूंत ते एक-तृतीयांशाहून अधिक आढळते. ह्वालिएनचा अमिस पिचर त्साओ जिन्-ह्वेइ २००३ मध्ये कोलोरॅडो रॉकीज संघातर्फे अमेरिकेतील मेजर लीगमध्ये खेळला. तेथे खेळणारा तो पहिला तैवानी पिचर होय. तायतुंगचा अमिस खेळाडू यांग दाय-गांग जपानमध्ये निप्पॉन-हॅम फायटर्स या संघाचा आघाडीचा खेळाडू बनला.

१९९६-९७ मध्ये सामन्यांच्या निकालांवरील जुगाराचे मोठे प्रकरण उघडकीस आले. गुन्हेगारी टोळ्यांनी काही खेळाडूंना पैशांचे आमिष दाखविले, तर काहींना धमकावले. अनेक खेळाडूंवर खटले झाले, एक संघ विसर्जित झाला व प्रेक्षक पाठ फिरवू लागले. २००५ ते २००९ या काळातही अशी प्रकरणे पुनःपुन्हा घडली. खेळाव्यतिरिक्त दुसरे शिक्षण नसलेल्या खेळाडूला बंदीचा अर्थ उपजीविकाच गमावणे असा होतो, हे यातून प्रकर्षाने दिसून आले.

व्यावसायिक साखळीत २०२४ पासून सहा संघ आहेत. त्या सर्वांची घरची मैदाने ताइपे ते काउश्युंग या पश्चिम पट्ट्यात आहेत. ह्वालिएन व तायतुंग येथे मैदाने असली, तरी तेथे व्यावसायिक सामने क्वचितच होतात. मोठ्या उद्योगांचा अभाव व विरळ लोकसंख्या यांमुळे तेथे संघ चालविणे परवडत नाही, हे त्याचे कारण होय.

आदिवासी खेळाडूंच्या प्राबल्याची मीमांसा : आदिवासींच्या अंगी जन्मतःच खेळाचे विशेष सामर्थ्य असते, असे स्पष्टीकरण जपानी अमदानीपासून दिले जाते व ते आजही ऐकू येते. त्यास समाधानकारक आधार नाही. शिवाय ते घातकही आहे. खेळाडूचे श्रम व बुद्धी यांचे श्रेय त्यामुळे नाकारले जाते आणि जो खेळात उपजतच निपुण आहे, त्यास अभ्यासाची काय गरज, असा सोयीस्कर निष्कर्ष त्यातून निघतो. या प्राबल्याची कारणे इतिहासात व समाजरचनेत शोधली पाहिजेत. पहिले कारण म्हणजे जपानी प्रशासनाने येथील शाळांत हा खेळ हेतुपुरस्सर रुजविला. दुसरे कारण असे, की परतलेल्या खेळाडूंनी शिक्षक व प्रशिक्षक होऊन तो पुढील पिढीकडे सोपविला. अमिस समाजात तरुणांचे वयोगटानुसार संघटन करण्याची जुनी प्रथा आहे. थोरांनी धाकट्यांस कामात घडविण्याच्या या रीतीशी संघाची शिस्त सहज जुळली, असे म्हणता येईल. तिसरे व सर्वांत निर्णायक कारण आर्थिक आहे. शहरी मध्यमवर्गातील मुलापुढे परीक्षा, महाविद्यालय व नोकरी असे अनेक मार्ग असतात. डोंगरातील मुलास मोफत शिक्षण, निवास व जेवण मिळवून देणारा मार्ग बहुधा बेसबॉल हाच असतो.

समस्या : पूर्व तैवानमधील बेसबॉलच्या अडचणींत अंतर व खर्च यांचा प्रथम उल्लेख केला पाहिजे. दक्षिणेकडील लोहमार्गाचे विद्युतीकरण डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण होऊन प्रवासाचा वेळ घटला. तरीही प्रत्येक मोठ्या स्पर्धेसाठी बेटाच्या दुसऱ्या बाजूस जावे लागते. हातमोजे, बॅटी व चेंडू यांचा खर्च शेतमजूर व बांधकाम-मजूर पालकांना झेपत नाही. त्यामुळे शाळांचे संघ सरकारी अनुदानाबरोबरच देणग्यांवर अवलंबून असतात. संघ जिंकला की देणग्या येतात व हरू लागला की आटतात. परिणामी लहान मुलांवर विजयाचे ओझे पडते.

दुसरी अडचण मुलांच्या संख्येची आहे. घटता जन्मदर व शहरांकडील स्थलांतर यांमुळे गावच्या शाळांची पटसंख्या झपाट्याने कमी झाली आहे. नऊ खेळाडूही जेथे जमत नाहीत, तेथे शेजारच्या शाळांतून मुले आणावी लागतात. त्यामुळे खेळाडू मिळविण्यासाठी शाळाशाळांत चढाओढ लागते व वयाने लहान मुलेही घरापासून दुरावतात. पालक कामानिमित्त शहरांत असल्याने अनेक मुले आजीआजोबांकडे वाढतात. त्यांच्या बाबतीत प्रशिक्षकच पालकाची जागा घेतो. ही जबाबदारी काही प्रशिक्षकांनी फार निष्ठेने पार पाडली आहे. तथापि मुलाचे भवितव्य एकाच व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहणे हे सुरक्षित व्यवस्थेचे लक्षण नव्हे.

तिसरी अडचण आरोग्याची व शिक्षणाची आहे. पिचरच्या खांद्यावर व कोपरावर पुनःपुन्हा ताण पडतो आणि वाढत्या वयात तो विशेष अपायकारक असतो. दुखापत झालेल्या मुलाचा खेळ थांबतो व खेळामुळे मिळणारे शिक्षणही धोक्यात येते. जे जखमी होत नाहीत, त्यांपैकीही थोडेच व्यावसायिक संघांत पोहोचतात. उरलेल्यांना अर्धवट शिक्षण घेऊन विशीत नव्याने सुरुवात करावी लागते. त्यामुळे खेळाबरोबर नियमित अध्यापन व एखाद्या व्यवसायाचे प्रशिक्षण अनिवार्य असावे, ही मागणी आदिवासी शिक्षणाच्या चर्चेत वारंवार केली जाते.

सद्यःस्थिती : परिस्थितीत काही आशादायक बदलही झाले आहेत. तायतुंग येथे खेळास वाहिलेले शासकीय उच्च माध्यमिक विद्यालय असल्याने काही खेळाडूंना आता आपल्याच परगण्यात शिकता येते. १९९५ च्या कायदेदुरुस्तीने आदिवासींना आपली पारंपरिक नावे अधिकृतपणे धारण करण्याचा हक्क मिळाला. पायवान जमातीचा झेलरक्षक गिल्जेगिल्जाव कुंगकुआन याने आपले पूर्वीचे चिनी नाव टाकून जमातीचे नाव स्वीकारले व तेच आज त्याच्या गणवेशावर झळकते. राज्यकर्त्यांनी दिलेल्या किंवा शाळेने उसन्या घेतलेल्या नावांनी ज्या खेळाडूंच्या पूर्वीच्या पिढ्या खेळल्या, त्यांच्या संदर्भात हा बदल केवळ औपचारिक नाही.

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी टोकिओ येथे जपानला ४–० असे हरवून तैवानने प्रीमियर १२ ही जागतिक स्पर्धा जिंकली. त्या संघातही आदिवासी खेळाडू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ताइपेच्या मुलांच्या संघाने लिटल लीग जागतिक स्पर्धा जिंकून १९९६ नंतरचे पहिले विजेतेपद मिळविले. हा संघ राजधानीतील होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तम मैदाने, वैद्यकीय साहाय्य व सधन पालक यांचा लाभ मिळणाऱ्या शहरी शाळा आता मुलांच्या बेसबॉलमध्येही पुढे येत आहेत. त्यामुळे पूर्व किनाऱ्याचे परंपरागत स्थान गृहीत धरता येत नाही.

तैवानच्या ५०० डॉलरच्या २००० मध्ये प्रसृत झालेल्या नोटेवर विजयाच्या आनंदात टोप्या उंच फेकणाऱ्या बेसबॉलपटू मुलांचे चित्र आहे. ही मुले तायतुंगच्या नानवांग या पुयुमा वस्तीतील प्राथमिक शाळेची होत. चलनी नोटेवर देशाच्या गौरवचिन्हांना स्थान दिले जाते. त्या अर्थी पूर्व तैवानमधील बेसबॉलचे ऋण तैवानने जाहीरपणे मान्य केले आहे. मात्र ज्या शाळांनी हा गौरव मिळवून दिला त्यांचे पट भरलेले राहावेत, त्यांतील मुलांना खेळाबरोबर शिक्षणाचेही दुसरे मार्ग खुले व्हावेत आणि खेळ संपल्यावर त्यांना आपल्याच गावी सन्मानाने राहता यावे, हे घडल्यावाचून त्या ऋणाची फेड झाली असे म्हणता येणार नाही.